कुबडी, काठी आणि वॉकर: पायाच्या दुखापतीनंतर लागणारी साधने अधिक सुखकर कशी होतील?

घाटवाट (धागालेखक)

नडगीचे हाड मोडल्यामुळे माझ्या पायात सळई घातलेली आहे आणि त्या पायावर अजून अजिबात भार द्यायचा नाही, अशी अस्थिरोगतज्ज्ञांची सक्त सूचना आहे. त्यामुळे सध्या काखेतल्या कुबड्यांवरच माझी सगळी भिस्त आहे. व्यवसायाने मी यंत्रांच्या सुट्या भागांचे आरेखन करतो, आणि एखादी वस्तू दिवसभर हातात राहिली की ती अशीच का घडवली असावी, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तो विचार या धाग्यात मांडतो आहे आणि ज्यांनी ही साधने स्वतः वापरली आहेत, घरच्या माणसासाठी आणली आहेत किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे, अशा सर्वांनी आपले निरीक्षण नोंदवावे, अशी विनंती आहे.

एक पाय जमिनीला टेकवायचा नसेल, तर प्रत्येक पावलागणिक जवळजवळ संपूर्ण शरीर दोन तळहातांवर तोलले जाते. तळपायाला टाचेची जाड गादी आहे आणि आपण त्याला चप्पल-बुटाचे संरक्षणही देतो. तळहाताच्या बुडाशी मात्र नसा त्वचेच्या अगदी जवळून जातात. माझ्या कुबडीची मूठ म्हणजे दोन उभ्या नळ्यांमधून आरपार गेलेला बोल्ट, त्यावर प्लास्टिकची नळी आणि तिच्यावर करड्या फोमचे आवरण, एवढीच रचना आहे. नवा असताना फोम मऊ लागतो. भार पडू लागला की तो अंगठ्याच्या बुडाशी दबून पातळ होतो, घामाने चिकट होतो, आणि मूठ बोल्टभोवती किंचित फिरू लागते. ती फिरू नये म्हणून बोटे आवळून धरावी लागतात, आणि बोटे आवळून थोडा वेळ चालले की करंगळीला व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. पाय मोडला म्हणून साधन घेतले आणि आता दुखतो तो हात, अशी स्थिती आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची आणि उंचीची. बाहेर पडताना चांगल्या पायात चप्पल असते, घरात तो अनवाणी असतो. माझ्या चपलेचा तळ जवळपास अडीच सेंटीमीटर जाड आहे. म्हणजे उंबरा ओलांडला की माझी उंची बदलते, कुबडीची मात्र तीच राहते. घरात ती उंच वाटते, खांदे वर ढकलले जातात. बाहेर ती बुटकी होते आणि मी पुढे वाकतो. ज्या समाजात माणसे घरातही पादत्राणे घालतात, तिथे ही अडचण कुणाच्या लक्षात येण्याचे कारण नाही. आपल्याकडे ती दररोज, प्रत्येक उंबऱ्यावर येते. माझे म्हणणे असे आहे की ही साधने कोरड्या, सपाट जमिनीवर पादत्राणे घालून चालणाऱ्या माणसासाठी आखली गेली आणि आपण ती जशीच्या तशी स्वीकारली. आपली ओली मोरी, उंबरा, अनवाणी पाय, साडी, जमिनीवरची बैठक यांचा विचार त्यांच्या आरेखनात आरंभापासून असायला हवा.

भौतिकोपचार

विषय महत्त्वाचा आहे आणि मूठ हाच त्याचा गाभा आहे, हे घाटवाट यांचे निरीक्षण अचूक आहे. मी भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) म्हणून काम करते, त्यामुळे आरेखनाकडे वळण्यापूर्वी मापाविषयी लिहिते. उत्तम कुबडीसुद्धा चुकीच्या मापाने लावली तर त्रासच देते, आणि आपल्याकडे दुकानदार उंचीकडे नजर टाकून कुबडी देतो, हा सर्रास अनुभव आहे.

काखेतली कुबडी लावताना माणसाने सरळ उभे राहावे, खांदे सैल सोडावेत. कुबडीचे टोक पावलाच्या थोडे पुढे व बाहेरच्या बाजूला, सुमारे १५ सेंटीमीटरवर टेकवावे. या स्थितीत वरची गादी आणि काख यांच्यात दोन ते तीन बोटे सहज जातील एवढी जागा राहिली पाहिजे. मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे असावी, म्हणजे ती धरल्यावर कोपर साधारण २० ते ३० अंशांत वाकतो. कोपर थोडा वाकलेला असल्याशिवाय दंडाच्या मागच्या स्नायूला शरीर उचलण्यासाठी जोर लावता येत नाही. कोपराच्या कुबडीत, म्हणजे ज्याला बहुतेक जण एल्बो क्रच म्हणतात त्या प्रकारात, हाताभोवतीचे कडे कोपराच्या टोकाखाली अडीच ते चार सेंटीमीटरवर असावे. ते फार वर गेले तर कोपर वाकवताना टोचते आणि फार खाली आले तर आधार मिळत नाही.

आता एक मतभेद नोंदवते. कुबडी सुखकर करायची म्हटली की लोक सर्वप्रथम काखेतली गादी जाड आणि मऊ करतात. जुना टॉवेल गुंडाळणे हा तर घरोघरीचा उपाय आहे. माझ्या मते ही दिशाच चुकीची आहे. काख ही भार घेण्याची जागा नाही. वरच्या गादीचे काम एवढेच की ती बरगड्यांना टेकून कुबडी बाजूला सरकू देत नाही. गादी जितकी मऊ, तितका तिच्यावर रेलण्याचा मोह अधिक, आणि सतत रेलल्याने काखेतून जाणारी नस दाबली जाऊन मनगट लुळे पडू शकते. दाब काढल्यावर बहुतेकांचे मनगट पुन्हा उचलू लागते, पण त्याला आठवडे किंवा महिने लागू शकतात. त्यामुळे आरेखन करणाऱ्याने मऊपणा आणायचा असेल तर तो मुठीत आणावा आणि वरचा भाग काहीसा अरुंद, रेलण्यास गैरसोयीचाच ठेवावा.

ज्यांना एकाच काठीने चालायला सांगितले आहे, त्यांच्यासाठी: काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. चालताना विरुद्ध हात आणि पाय एकत्र पुढे जातात, आणि काठी विरुद्ध बाजूला टेकली की दुखऱ्या बाजूच्या खुब्यावरचा ताण लक्षणीय कमी होतो. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना कुबड्यांबरोबर दुखरा पाय आधी, हा क्रम पक्का पाठ असावा.

ऱ्हाईनकाठ

मी अनेक वर्षे जर्मनीत राहतो. येथे पाय मोडलेल्या माणसाला काखेतली कुबडी सहसा कुणी देत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोपराच्या कुबड्यांची जोडी मिळते आणि वैद्यकीय साधनांच्या दुकानातील कर्मचारी ती उंचीनुसार लावून देतो. अमेरिकेत मात्र अजूनही काखेतल्या कुबड्यांचाच प्रघात अधिक आहे. म्हणजे कुठली कुबडी योग्य, हे पुष्कळदा शरीरशास्त्रापेक्षा त्या देशाच्या सवयीवर ठरते.

घाटवाट यांनी वर्णन केलेल्या गोल मुठीच्या तुलनेत येथील बऱ्याच कुबड्यांना तळहाताच्या आकाराची रुंद मूठ असते आणि तिच्यात डावी व उजवी असा भेद असतो. भार तळहाताच्या मोठ्या भागावर पसरतो, त्यामुळे एका बिंदूवर दाब येत नाही. पण दोष येथेही आहेत. स्वस्त प्रकारांत मूठ आणि कडे एकाच प्लास्टिकच्या साच्यातून काढलेले असते, त्यामुळे दोहोंमधले अंतर बदलता येत नाही. फक्त खालची नळी लांब-आखूड होते. उंच माणसाच्या हातावर कडे फार खाली येते आणि बुटक्या माणसाला ते कोपराशी घासते. मुठीच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी माप बदलता येणारी कुबडी मिळते, पण ती मागून घ्यावी लागते.

बर्फाच्या दिवसांत टोकाला उलटवून बसवता येणारे खिळ्यांचे कडे मिळते. त्यावरून असे वाटते की आपल्याकडच्या पावसाळ्यासाठीही हंगामी टोक का नसावे?

चालतो_आहे

मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट) आणि दोन्ही हातांत कोपराच्या कुबड्या घेऊन माझे शिक्षण, नोकरी, संसार सगळे झाले. त्यामुळे या विषयाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. ज्याचे हाड काही महिन्यांत जुळणार आहे, तो गैरसोय सोसून नेतो, आणि साधन नंतर माळ्यावर जाते. म्हणून बाजारात त्याची तक्रार पोचतच नाही. आमच्यासारख्यांना ते साधन जन्मभर वापरायचे असते आणि पुढे आमचे खांदे आणि मनगटे झिजतात. या दोन प्रकारच्या वापरणाऱ्यांनी एकत्र बोलणे आवश्यक होते, ते या धाग्यावर होत आहे, याचे समाधान वाटते.

तळाच्या रबराबद्दल सविस्तर लिहितो, कारण माणूस पडतो तो बहुतेक वेळा तिथेच. कुबडी नेहमी तिरकी टेकते, त्यामुळे रबर सगळीकडून सारखे झिजत नाही. माझे बाहेरच्या व मागच्या कडेने झिजते. वरून पाहिले तर ते ठीक दिसते. उलटे करून पाहिले की खाचा एका बाजूला गुळगुळीत झालेल्या दिसतात. रबराच्या आत तळाशी धातूची चकती असते किंवा असायला हवी. ती नसेल तर ॲल्युमिनिअमच्या नळीची धार रबर आतून कापत जाते आणि एक दिवस नळीच सरळ फरशीवर टेकते. ओल्या शहाबादी फरशीवर खडबडीतपणामुळे थोडी पकड मिळते, पण गुळगुळीत टाइल्स आणि त्यांवर साबणाचे पाणी असेल तर झिजलेल्या रबराला काहीच धरता येत नाही. पावसात शेणामातीच्या अंगणातून आलो की खाचांत चिखल भरतो, आणि चिखल भरलेले रबर घरातल्या फरशीवर गुळगुळीत रबराइतकेच निसरडे ठरते. दारात पायपुसणे असते तसे कुबडीची टोके पुसण्यासाठीही काहीतरी असावे, हे मी प्रत्येक घरी सांगत आलो आहे. देवळातही हा प्रश्न येतो. चपला बाहेर ठेवायच्या, ते योग्यच, पण कुबडी बाहेर ठेवायला सांगितले की माणसाने आत जायचे कसे? पटकन काढता-घालता येईल असे स्वच्छ टोक किंवा टोकावरचे आवरण उपलब्ध झाले तर कुणाच्याच श्रद्धेला धक्का न लागता हा प्रश्न सुटेल.

घाटवाट यांनी मांडलेल्या मूळ मुद्द्याला आपल्या देशातच एक मोठा आधार आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ घडवला. तेव्हा मिळणाऱ्या परदेशी धर्तीच्या कृत्रिम पावलाचा घोटा ताठ होता आणि ते बुटात घालण्यासाठी केलेले होते. ते लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतात अनवाणी चालता येत नसे, म्हणून लोक ते बाजूला टाकून देत. शर्मा आणि सेठी यांनी रबर आणि लाकूड वापरून असे पाऊल केले की ते वाकते, वळते, दिसायलाही पावलासारखे दिसते आणि चिखलापाण्यातही चालते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे माणूस बसतो कसा आणि चालतो कुठे, हा प्रश्न आधी विचारला गेला. कुबडीच्या बाबतीत तो तितक्या गांभीर्याने विचारला गेला आहे, असे मला दिसत नाही.

साधन मिळण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. कानपूरचा भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम १९७२ मध्ये स्थापन झाला आणि गरजूंना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. अडचण नंतरच्या काळात येते. रबर झिजले की तालुक्याच्या गावात त्याच मापाचे रबर मिळत नाही, आणि मिळाले तरी एखाद्या मिलिमीटरने सैल असते. सैल रबर चिखलात रुतून राहते आणि नळी हातात येते.

सांजवेळ

माझ्या सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना वॉकर दिला आहे. वरची चर्चा मुख्यतः कुबड्यांची आहे, पण वयस्कर माणसांसाठी वॉकरचाच वापर अधिक होतो, म्हणून लिहिते.

आमचा घडीचा वॉकर तळाशी साधारण दोन फूट पसरतो. न्हाणीघराचे दार चौकटीसह अडीच फुटांचे आहे, पण कडी आणि पूर्ण न उघडणारे पान धरले तर मोकळी जागा वॉकरपेक्षा कमी उरते. परिणामी सासूबाई दाराशी वॉकर आडवा करतात, एक हात सोडून चौकट धरतात आणि ओल्या फरशीवर पहिले पाऊल टाकतात. दिवसभरात सर्वांत धोक्याचा क्षण तोच, आणि नेमक्या त्याच क्षणी साधन त्यांच्या कामाचे राहत नाही. सार्वजनिक इमारतींसाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराला ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्यासारख्या जुन्या सदनिकांची दारे काही रुंद होणार नाहीत. मग वॉकरच वरून रुंद आणि तळाशी गरजेनुसार अरुंद करता येईल का? आम्ही सध्या आतल्या बाजूला भिंतीत पक्का आधारदांडा बसवून घेतला आहे. टॉवेलची दांडी किंवा वॉश बेसिन धरून उठणे त्यांना कटाक्षाने बंद करायला लावले, कारण त्या वस्तू माणसाचा भार घेण्यासाठी बसवलेल्या नसतात.

दुसरा मुद्दा साडीचा. सासूबाई आयुष्यभर साडीच नेसत आल्या. वॉकर उचलून पुढे ठेवताना त्याचा पुढचा पाय निऱ्यांवर पडतो, पाऊल टाकले की निऱ्या ओढल्या जातात आणि तोल जातो. सगळे जण सांगतात की गाऊन घाला. त्या घालतात, पण दारात कुणी आले की संकोचून खोलीतच बसून राहतात, आणि हाड जुळण्याच्या काळात चालणे कमी होणे हे त्यांच्या हिताचे नाही. आम्ही साडी थोडी वर नेसवून निऱ्या पिनने आत वळवतो, एवढाच उपाय सापडला. वॉकरच्या पुढच्या पायांची टोके बाहेरच्या बाजूला थोडी वळलेली असती, तर निऱ्यांसाठी जागा राहिली असती.

शिवाय दोन्ही हात वॉकरवर असल्यामुळे पाण्याचा तांब्यासुद्धा नेता येत नाही. मी वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीला जुन्या चादरीची खिशांची पिशवी शिवून बांधली. त्यात चष्मा, औषधे, मोबाईल आणि झाकणाची बाटली राहते. पिशवी जड झाली की वॉकर पुढे झुकतो, म्हणून ती दोन्ही बाजूंना सारखी भरावी लागते.

भौतिकोपचार

सांजवेळताई, पिशवीबाबतची तुमची काळजी योग्य आहे. अर्धा-पाऊण किलोपेक्षा जास्त वजन पुढे लावू नये, आणि सासूबाईंची बोटे संधिवाताने दुखत असतील तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवता येईल असा आधार वॉकरला बसवून मिळतो, त्याची चौकशी जरूर करावी. चाकांचा वॉकर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लेथवाला

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत माझी लहान कार्यशाळा आहे. नळ्या वाकवणे, भोके पाडणे, रबराचे भाग करून घेणे हे रोजचे काम आहे. त्या बाजूने काही सांगता येईल.

पहिले, उंचीचे. बाजारातल्या बहुतेक कुबड्यांत उंची बदलण्यासाठीच्या भोकांमधले अंतर एक इंच, म्हणजे जवळपास २५ मिलिमीटर असते, त्यामुळे घाटवाट यांचे योग्य माप दोन भोकांच्या मध्येच राहण्याचा संभव बराच आहे. भोके जवळजवळ पाडली तर नळी कमकुवत होते, म्हणून उत्पादक ते टाळतात. पण बाहेरच्या नळीत भोके २५ मिलिमीटरवरच ठेवून आतल्या नळीत भोकात अडकणाऱ्या बटनासाठी दोन जागा साडेबारा मिलिमीटरच्या फरकाने ठेवल्या, तर नळी न दुबळी करता निम्म्या टप्प्याने उंची बदलता येते. घर आणि बाहेर अशा दोन उंचींसाठी तर याहून सोपा मार्ग आहे. दोन भोकांभोवती दोन रंगांच्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे उंबऱ्याशी बसून डोळ्यांनी खात्री करून बटन हलवता येते. बटन पूर्ण बाहेर आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि हाताने चाचपल्याशिवाय कुबडीवर भार टाकू नये.

दुसरे, खडखड. आतली नळी बाहेरच्या नळीत सैल असली की प्रत्येक पावलाला आवाज होतो आणि भोक हळूहळू लांबट होते. नळीच्या तोंडाशी आवळता येणारे प्लास्टिकचे कडे बसवले तर आवाज थांबतो आणि बटनावरचा ताणही कमी होतो. बटन साध्या पोलादाचे असेल तर घामाने आणि पावसाने गंजते, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचेच असावे.

तिसरे, स्प्रिंग. धक्का कमी व्हावा म्हणून कुबडीत स्प्रिंग घालण्याची कल्पना पुष्कळांना सुचते आणि तशा कुबड्या बनलेल्याही आहेत. मी तिचा फारसा पुरस्कर्ता नाही. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा शरीर खाली जाते, आणि पुढचे पाऊल टाकण्यासाठी ते पुन्हा उचलावे लागते. वजन वाढते, मातीने ती अडकते आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा सारख्या राहिल्या नाहीत तर चाल बिघडते. धक्का शोषण्याचे काम मुठीखालच्या रबराने आणि तळाच्या जाड रबराने करावे, हे अधिक टिकाऊ आहे.

तळाच्या रबरासाठी नैसर्गिक रबराला पर्याय नाही, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. स्वस्त टोके प्लास्टिकच्या जातीची असतात. ती कोरड्या फरशीवर चालतात, पण ओल्या टाइलवर कडक पडल्यासारखी घसरतात. कोपराच्या कुबड्यांच्या मजबुतीसाठी आयएसओ ११३३४ आणि टोकांच्या घर्षणासाठी आयएसओ २४४१५ अशी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. नवे टोक करायचेच असेल तर आधी तशी चाचणी करून घ्यावी. घरच्या घरी नळीला नवे भोक पाडण्याचा प्रयत्न कृपया कुणी करू नये. भोक चुकीच्या जागी पडले तर नळी तिथूनच मोडते आणि ती मोडताना सगळे शरीर तिच्यावर असते.

घाटवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भौतिकोपचार यांनी सांगितल्याप्रमाणे काखेतली गादी आहे तशीच ठेवून मुठीवर काम केले. दाट रबराचा एक तुकडा कापून तो मुठीच्या मागच्या अंगाला, करंगळीच्या बाजूने रुंद आणि अंगठ्याकडे निमुळता असा बसवला आणि वरून सायकलच्या हँडलची कापडी पट्टी गुंडाळली. मूठ बोल्टभोवती फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना रबरी चकत्या घातल्या. मूठ फिरणे थांबल्याबरोबर बोटे आवळण्याची गरज उरली नाही आणि मुंग्या येणे पुष्कळ कमी झाले. माझ्या समजुतीप्रमाणे त्रासाचे मुख्य कारण फिरणारी मूठ हे होते, आणि ते दूर करायला साधन महाग करावे लागत नाही.

आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्राने ‘नियोफ्लाय’ ही चाकाची खुर्ची वापरणाऱ्याच्या मापाप्रमाणे बेतता येईल अशी केली आहे. खुर्चीच्या बाबतीत जे शक्य झाले, ते कुबडीच्या मुठीसारख्या छोट्या भागाबाबत अशक्य नसावे. तळहाताच्या तीन मापांत, डावी-उजवी अशी सुटी मूठ, जी कुठल्याही कुबडीच्या बोल्टवर बसेल, असे काही करता येईल का?

भौतिकोपचार

तीन मापे असावीतच, कारण रुंद मूठ लहान हाताच्या स्त्रीला पूर्ण धरताच येत नाही, आणि न धरता आलेली मूठ घसरते. आणखी एक मार्ग सुचवते. व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) हाताला आधार देणाऱ्या पट्ट्या करण्यासाठी जे प्लास्टिक वापरतात, ते साधारण ६५ ते ७५ अंश तापमानाच्या पाण्यात मऊ होते आणि थंड झाले की तळहाताचा आकार धरून राहते. त्याचे आवरण मुठीवर बसवून प्रत्येकाच्या हाताचा ठसा घेता येईल. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून असलेल्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत, तसेच मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या व्यवसायोपचार विभागांत हे काम जाणणारी माणसे आहेत. गरम प्लास्टिक घरी हाताळू नये.

घाटवाट, पुढे तुम्हाला थोडा थोडा भार द्यायला सांगतील, तेव्हा न्हाणीघरातला वजनकाटा उपयोगी पडेल. दोन्ही कुबड्यांवर उभे राहून दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंतच दाबायचा. २० किलो म्हणजे नेमका किती जोर, हे अंदाजाने कुणालाच कळत नाही, पण काट्यावर सराव केला की पायाला ते लक्षात राहते.

चालतो_आहे

घाटवाट यांनी वापरलेली कापडी पट्टी घामाने लवकर भिजते आणि पावसाळ्यात सुकत नाही. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळतो आणि तिच्यावर सुती कापडाचे काढून धुता येणारे आवरण घालतो. पट्टी गुंडाळताना ती अंगठ्याकडून करंगळीकडे न्यावी, म्हणजे तिची कड तळहाताच्या जोराने सुटत नाही.

लेथवाला यांना एक विनंती. सुटी मूठ कराल तेव्हा तळाचे रबरही दोन-तीन प्रचलित व्यासांत, आत चकती घालून करावे. मूठ ज्याला हवी तो कुठूनही मागवील. गावाकडे अडते ते रबरापाशी.

लेथवाला

रबराचा साचा खर्चीक असतो, पण दोन व्यासांसाठी तो करणे मला शक्य आहे. त्याआधी नेमकी मापे हवीत. ज्यांच्याकडे कुबडी, काठी किंवा वॉकर आहे, त्यांनी रबर काढून नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने किंवा दोऱ्याने घेर मोजून येथे लिहावा, नळी ॲल्युमिनिअमची की लोखंडी तेही लिहावे, आणि जुने रबर कुठल्या कडेने झिजले आहे हे पाहून सांगावे. मुठीसाठी कागदावर हात सैल ठेवून तळहाताची रुंदी, अंगठा वगळून, मिलिमीटरमध्ये कळवावी. सांजवेळताई, वॉकरच्या पायाचा व्यास कुबडीहून बहुधा मोठा असतो, म्हणून तो वेगळा मोजावा. शिवाय निऱ्यांसाठी पुढची टोके बाहेर वळवायची तर दाराची मोकळी रुंदीही कळवा, कारण एका बाजूने वाढवलेली जागा दुसरीकडे कमी पडता कामा नये.

सांजवेळ

वॉकरची नळी ॲल्युमिनिअमची आहे आणि दोऱ्याने मोजलेला घेर ८० मिलिमीटर भरला. दाराची मोकळी रुंदी ५६० मिलिमीटर आहे. मागच्या दोन पायांचे रबर आतल्या कडेने झिजले आहे, पुढच्यांचे जवळजवळ नव्यासारखे आहे.

भौतिकोपचार

मागचे रबर आतून झिजते याचा अर्थ सासूबाई वॉकर पूर्ण न उचलता मागचे पाय ओढत असाव्यात. वॉकरची उंची एका भोकाने कमी करून पाहा आणि त्या चालत असताना कोपर किती वाकतो ते बाजूने बघून येथे लिहा.